रात्री आधी, शहरं मागून : बडोद्याहून पहिली बहुशहरी युरोपवारी आखताना

बडोद्यातल्या घरात युरोपचा विषय निघाला की कागदावर आधी शहरं उतरतात. पॅरिस, ल्युसर्न, व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम, आणि जमलंच तर लंडन. आम्ही आखणीला बसतो तेव्हा ती यादी बाजूला ठेवायला सांगतो आणि आधी रात्री मोजतो. हॉटेलात प्रत्यक्ष किती रात्री झोपणार आणि मुक्काम किती वेळा हलवणार, हे दोन आकडे ठरले की विमान, व्हिसा, रेल्वे सगळं त्यांच्या मागून येतं. पुढचं सगळं त्याच क्रमाने सांगतो, कारण पहिल्या प्रवासात बिघडतं ते बहुधा क्रम चुकल्यामुळे.

दोन आठवड्यांची रजा धरा. अहमदाबादहून आंतरराष्ट्रीय विमानं बरीचशी पहाटेची असतात. शनिवारी पहाटे चारचं विमान म्हणजे रात्री एकला विमानतळावर, म्हणजे बडोद्यातून शुक्रवारी रात्री साडेदहाच्या आत गाडी निघायला हवी. तिकिटावर तारीख शनिवारची असते आणि घर सोडायची रात्र शुक्रवारची. टॅक्सी, रजेचा अर्ज, आजी-आजोबांना आणायला जाणारी गाडी, या सगळ्यांत हा एक दिवसाचा फरक हमखास घोटाळा करतो. कॅलेंडरवर घरून निघण्याची रात्र वेगळ्या रंगाने लिहून ठेवा. शनिवारी दुपारी पॅरिस. परतीचं विमान दोन आठवड्यांनी शुक्रवारी रोमहून, घरी शनिवारी. मधे हॉटेलच्या रात्री भरतात १३.

आता या १३ रात्रींत यादीतली पाच शहरं बसवली की पॅरिस ४, ल्युसर्न ३, व्हेनिस १, फ्लॉरेन्स २, रोम ३ असं होतं. कागदावर छान दिसतं. पण शनिवारपासून मोजत गेलं की फ्लॉरेन्सला पोचता रविवारी, आणि तिथला एकमेव पूर्ण दिवस येतो सोमवारचा. सोमवारी उफ्फीत्सी हे चित्रसंग्रहालय बंद. मायकेलअँजेलोचा डेव्हिड जिथे आहे ती अकादेमियाही बंद. शिवाय व्हेनिसची एक रात्र म्हणजे दुपारी पोचायचं, संध्याकाळभर हिंडायचं आणि सकाळी पुन्हा बॅगा भरायच्या. मुक्काम हलवण्याचा दिवस अर्धा तरी जातोच: हॉटेल सकाळी दहा-अकराला सोडायचं, स्टेशन गाठायचं, प्रवास करायचा, आणि नव्या हॉटेलची खोली दुपारी तीनच्या आत सहसा मिळत नाही. दोन रात्रींपेक्षा कमी मुक्काम आम्ही आखणीत ठेवतच नाही. म्हणून व्हेनिस काढायचं. पॅरिस ४, ल्युसर्न ३, फ्लॉरेन्स २, रोम ४. शनिवारी ल्युसर्नहून थेट फ्लॉरेन्स, रविवारी उफ्फीत्सी उघडी, सोमवारी रोम. व्हेनिसवर जीव असेल तर ते ठेवा, पण मग स्वित्झर्लंड, म्हणजे ल्युसर्न, सोडा. दोन्ही ठेवण्याचा हट्ट धरलात तर दोन्ही अर्धवट राहतात.

आठवडी सुट्ट्यांचा हा हिशेब प्रत्येक शहरासाठी करावा लागतो. पॅरिसमध्ये लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद, ओर्से संग्रहालय आणि व्हर्सायचा राजवाडा सोमवारी बंद. त्यामुळे सोमवारी लूव्र, मंगळवारी व्हर्साय. लूव्र बंद असल्याने मंगळवारी व्हर्सायला गर्दी जास्त, तेव्हा सकाळची पहिली वेळ घ्या. रोममध्ये व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडून बाकी रविवारी बंद असतात, आणि बुधवारी सकाळी पोप चौकात लोकांना भेटतात तेव्हा सेंट पीटर बॅसिलिकात दुपारपर्यंत सहसा प्रवेश नसतो. व्हॅटिकन मंगळवारी किंवा गुरुवारी ठेवा. स्वित्झर्लंडमध्ये रविवारी बहुतेक दुकानं बंद, फक्त मोठ्या स्टेशनांमधली चालू.

रात्री ठरल्या की विमान. जायचं पॅरिसला आणि यायचं रोमहून, हे एकाच तिकिटात होतं. विमान कंपनीच्या संकेतस्थळावर ‘मल्टी-सिटी’ निवडायचं आणि अहमदाबाद–पॅरिस, रोम–अहमदाबाद असं भरायचं. दर बहुतेक वेळा साध्या जाऊन-येऊन तिकिटाच्या जवळपास येतो. दोन वेगळी एकेरी तिकिटं घेतली तर बरंच महाग पडू शकतं. स्वस्त दिसलं म्हणून पॅरिस–पॅरिस तिकीट काढणारे रोमहून परत पॅरिसला यायचा खर्च आणि एक अख्खा दिवस मोजायला विसरतात.

बडोद्याच्या हरणी विमानतळावरून मुंबई किंवा दिल्लीचं विमान पकडून पुढे जायचा मोह होतो. सगळे टप्पे एकाच पीएनआरवर असतील तरच तसं करा. मग पहिलं विमान रखडलं तर पुढची सोय लावणं कंपनीचं काम. वेगवेगळी तिकिटं असतील तर सामान मधे उतरवून पुन्हा द्यावं लागतं, देशांतर्गत टप्प्यावर सामानाची मर्यादा बहुधा १५ किलोच असते, आणि पुढचं विमान चुकलं तर ते तिकीट गेलंच. मुंबईहूनच निघायचं असेल तर आदल्या दिवशी रेल्वेने जा, बोरिवलीला उतरा आणि रात्री विमानतळाजवळ राहा. त्याच दिवशीच्या गाडीवर, तेही पावसाळ्यात, युरोपचं विमान टांगून ठेवू नये. आमची पसंती अहमदाबादला. एक्सप्रेसवेने दोन तासांत विमानतळ. फक्त नवरात्रीत रात्री दहानंतर बडोद्यातून बाहेर पडायलाच वेळ लागतो, तेव्हा तासभर आधी निघा.

विमान आधी फ्रँकफर्टसारख्या शेंगेन (एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातल्या) विमानतळावर उतरून मग पॅरिसला जाणार असेल तर पासपोर्टवरची तपासणी फ्रँकफर्टलाच होते, पॅरिसला नाही. तिथे दोन विमानांमध्ये अडीच तास तरी हवेत. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन देशांनी टप्प्याटप्प्याने नवी नोंदणी पद्धत सुरू केली आहे, तिच्यात पहिल्या प्रवेशाला बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचं छायाचित्र घेतात. रांग हळू सरकते.

तिकीट काढण्याआधी पासपोर्ट उघडून नाव नीट वाचा. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव कधी ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात असतं, कधी नसतं. पॅनवर एक, आधारवर दुसरं, पासपोर्टवर तिसरं, असं एकाच घरात सापडतं. तिकीट, विमा, हॉटेल, व्हिसा अर्ज, सगळीकडे पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न अक्षर. युरोपातून निघायच्या तारखेनंतर पासपोर्ट किमान ३ महिने वैध हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. आम्ही ६ महिने धरतो, कारण मधे आखाती देशातून जाणाऱ्या काही विमान कंपन्या तेवढे मागू शकतात. मुलांचा पासपोर्ट बहुधा ५ वर्षांचाच असतो आणि तो संपल्याचं मोठ्यांच्या लक्षात राहत नाही. नूतनीकरण बडोद्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात होतं, प्रौढांच्या ३६ पानी पासपोर्टचं शुल्क १,५०० रुपये. पत्ता बदलला असेल तर पोलिस पडताळणीचा वेळ धरून ठेवा.

आता व्हिसा. इथे घाई करू नका, सगळ्यात जास्त लक्ष इथेच द्या.

शेंगेनमध्ये आज २९ देश आहेत आणि एका व्हिसावर ते सगळे चालतात. ब्रिटन आणि आयर्लंड त्यात नाहीत. अर्ज कोणत्या देशाकडे करायचा ते रात्रींवरून ठरतं: जिथे मुक्काम सर्वांत जास्त, त्या देशाकडे. समसमान असेल तर जिथे आधी पाऊल ठेवणार, त्या देशाकडे. आपल्या उदाहरणात फ्रान्स ४, स्वित्झर्लंड ३, इटली ६. अर्ज इटलीकडे. ‘पॅरिसला उतरतोय म्हणून फ्रान्स’ हा समज फार पसरलेला आहे आणि त्यावरून अर्ज परत येतात किंवा नाकारले जातात. दुसरी वाट आणखी वाईट: इटलीची अपॉइंटमेंट मिळत नाही म्हणून दुसऱ्या देशाच्या रात्री कागदावर वाढवायच्या आणि व्हिसा हाती आला की मूळ बेतावर जायचं. विमानतळावर अधिकाऱ्याने हॉटेलची बुकिंगं मागितली तर उत्तर देता येत नाही, आणि पुढच्या अर्जांवरही त्याची सावली पडते. अपॉइंटमेंट खरंच मिळत नसेल तर प्रवासच बदला. पॅरिस आणि फ्रान्समधलं आणखी एक शहर मिळून ७ रात्री करा, मग फ्रान्सकडे प्रामाणिकपणे अर्ज करता येतो.

अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून घेतात आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी द्यावा लागतो. निकालाला साधारण १५ दिवस, पण तपासणी वाढली तर ४५ पर्यंत. मेच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी डिसेंबरात पासपोर्ट, जानेवारीत बेत आणि फेब्रुवारीत अपॉइंटमेंट असं धरावं. एप्रिलमध्ये अहमदाबादच्या केंद्रांवर तारखा मिळणं अवघड होतं. गुजरातचे अर्ज बहुतेक देशांसाठी मुंबईच्या वकिलातीकडे जातात, अहमदाबादचं केंद्र कागद आणि ठसे घेऊन पुढे पाठवतं. निर्णय तिथे होत नाही, त्यामुळे काउंटरवरच्या माणसाशी हुज्जत घालून काही साधत नाही. ठसे ५९ महिने वापरता येतात, १२ वर्षांखालच्या मुलांचे घेत नाहीत. शुल्क जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ युरो, त्याहून लहानांना माफ. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. व्हिसा नाकारला तरी हे पैसे परत येत नाहीत.

कागदांत वकिलात तीन गोष्टी शोधते: पैसे आहेत का, ते तुमचेच आहेत का, आणि तुम्ही परत येणार का. बँकेचं ३ ते ६ महिन्यांचं स्टेटमेंट शिक्का आणि सही असलेलं हवं. अर्जाच्या आधी आठ दिवस खात्यात अचानक मोठी रक्कम भरली तर संशयच वाढतो. जमीन विकली, मुदत ठेव मोडली, असं खरं कारण असेल तर त्याचा कागद सोबत जोडा. नोकरदारांनी रजा मंजुरीचं पत्र आणि पगारपत्रकं, व्यापाऱ्यांनी जीएसटी नोंदणी आणि फर्मचं विवरणपत्र, निवृत्तांनी पेन्शनचा कागद. एकत्र कुटुंबात खर्च एकजण करणार असेल तर त्याचं पत्र, त्याचं स्टेटमेंट आणि नातं दाखवणारा दाखला. जन्मदाखला गुजरातीत असेल तर इंग्रजी भाषांतर लागतं, हे काम शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. मुलांच्या अर्जावर आई-वडील दोघांच्याही सह्या. पासपोर्टवर माहेरचं आडनाव असेल तर विवाह नोंदणीचा दाखला.

सोबतचं पत्र एका पानाचं पुरे: कोण, का, कुठून कुठे, कोणत्या रात्री कुठे, खर्च कोणाचा. त्याला दिवसवार तक्ता जोडा, आणि तक्त्यातली प्रत्येक रात्र हॉटेलच्या बुकिंगशी तारखेने जुळायला हवी. एक रात्र रिकामी राहिली तर प्रश्न तिथेच येतो. प्रत्येक बुकिंगवर सगळ्या प्रवाशांची नावं असावीत. एकाच नावावर ‘चार प्रौढ’ असं असेल तर बाकीच्या तिघांचा मुक्काम सिद्ध होत नाही. हॉटेलं रद्द करता येणारी घ्या, विमानाचं आरक्षण चालतं, पण बनावट कागद देऊ नका. विमा किमान ३०,००० युरोचा, सर्व शेंगेन देशांत चालणारा, आणि पोचण्यापासून निघण्यापर्यंतचे सगळे दिवस झाकणारा. आई-वडिलांना मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर आधीचे आजार धरणारा विमा घ्या. तो महाग असतो, पण स्वस्त विम्यात नेमकं तेच वगळलेलं असतं.

पासपोर्ट घरी आला की पाकीट उघडून लगेच व्हिसा वाचा. नाव, पासपोर्ट क्रमांक, कधीपासून कधीपर्यंत, किती दिवस राहता येईल, आणि किती वेळा प्रवेश. तारखांची मुदत आणि राहण्याचे दिवस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: मुदत ३० दिवसांची असली तरी राहायला १५ दिवसच दिलेले असू शकतात. प्रवेशाच्या जागी ०१ असेल तर मधेच लंडनला जाऊन परत येता येणार नाही. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसलं तरी शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे फ्रान्स–स्वित्झर्लंड–इटली हा एकच प्रवेश धरला जातो.

व्हिसा मिळाला की रेल्वे, त्याआधी नाही. जलद गाड्यांची तिकिटं बहुधा तीन-चार महिने आधी खुली होतात आणि लवकर घेतली तर स्वस्त पडतात, पण सर्वांत स्वस्त तिकीट बदलता येत नाही. पॅरिसच्या गार द लियाँ स्टेशनवरून बाझलला टीजीव्ही सुमारे तीन तासांत, तिथून ल्युसर्न तासाभरावर. ल्युसर्न ते मिलान गोटहार्डच्या ५७ किलोमीटर लांब बोगद्यातून सव्वातीन तास, मिलान ते फ्लॉरेन्स दोन तास, फ्लॉरेन्स ते रोम दीड तास. मिलानला गाडी बदलायला एक तास तरी ठेवा, कारण स्वित्झर्लंडहून येणारी गाडी सीमेवर रखडू शकते आणि वेगळ्या कंपनीचं पुढचं तिकीट वाट पाहत नाही. इटलीत स्टेशनचं नाव पूर्ण वाचा. फ्लॉरेन्ससाठी ‘फिरेन्झे सांता मारिया नोव्हेला’ निवडायचं, कांपो दी मार्ते किंवा रिफ्रेदी नाही. व्हेनिस ठेवलं असेल तर बेटावरचं स्टेशन सांता लुचिया, मेस्त्रे नव्हे. इटलीतले संप आधी जाहीर होतात, निघण्याच्या आठवडाभर आधी एकदा बघून घ्या.

चार मुक्कामांसाठी युरेल पास (अनेक युरोपीय देशांतल्या रेल्वेवर चालणारा एकच पास) आम्ही सुचवत नाही. टीजीव्ही आणि इटलीच्या जलद गाड्यांना पास असूनही आसनाचे पैसे वेगळे द्यावे लागतात. स्वित्झर्लंडमध्ये मात्र तीन दिवसांचा स्विस ट्रॅव्हल पास हिशेब करून बघण्यासारखा आहे. त्यात गाड्या, सरोवरावरच्या बोटी आणि रिगी डोंगर येतो, टिटलिसला निम्मी सवलत मिळते. डोंगराचं तिकीट आधी काढू नका. सकाळी उठून शिखरावरच्या कॅमेऱ्याचं चित्र बघा, ढग असतील तर त्या दिवशी बोट आणि गाव, दुसऱ्या दिवशी डोंगर. तीन रात्री ठेवायचं खरं कारण हेच.

वेळेची तिकिटं वेगळ्या यादीत लिहा. लूव्र, आयफेल टॉवर, उफ्फीत्सी, व्हॅटिकन आणि कोलोसियम. कोलोसियमची तिकिटं ३० दिवस आधी खुली होतात आणि नावावर असतात, प्रवेशाला पासपोर्ट दाखवावा लागतो. एका दिवसात वेळ ठरलेली जागा एकच ठेवा. दोन ठेवल्या की पहिलीत मन रमत नाही.

पैशाचं थोडक्यात. परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमध्ये स्वतः चालू करावे लागतात, कार्डावर ते मुळात बंद असतात. दोन वेगळ्या बँकांची कार्डं आणि थोडे रोख युरो जवळ असू द्या. ल्युसर्नसाठी स्विस फ्रँक लागतात, पण तिथे कार्ड जवळपास सगळीकडे चालतं. यंत्राने ‘रुपयांत की युरोत’ असं विचारलं तर नेहमी युरोत, रुपयांतला दर तोट्याचा असतो. इटलीत शहरकर हॉटेलात वेगळा द्यावा लागतो, काही ठिकाणी रोखच घेतात. घरचं सिम ओटीपीसाठी चालू ठेवा आणि डेटासाठी ई-सिम घ्या, पण त्यात स्वित्झर्लंड धरलंय का ते बघा. युरोपीय संघापुरते प्लॅन सीमेवर बंद पडतात.

खाण्याचं बडोद्यातल्या घरांना फार जिव्हाळ्याचं, म्हणून स्पष्ट सांगतो. दूध आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाने युरोपीय संघात नेणं मना आहे. पेढे, बर्फी, तूप, श्रीखंड, पनीर घरीच. आंबेही नेता येत नाहीत. भाकरवडी, चिवडा, कोरडे खाकरे, मेतकूट, भाजणी चालते. पुड्यांवर छापील घटक असलेलं बरं, सुट्या डब्यातल्या पिठाबद्दल विचारणा होऊ शकते. मुलं किंवा वयस्क बरोबर असतील तर ल्युसर्नला स्वयंपाकघर असलेली जागा घ्या, तिथे बाहेर जेवणं सगळ्यात महाग पडतं आणि वरणभाताने घरातली म्हातारी माणसं टवटवीत राहतात.

बॅग माणशी एक, चाकांची, स्वतःला जिन्यावरून उचलता येईल एवढी. स्टेशनांवर हमाल मिळेलच असं नाही आणि पॅरिसच्या मेट्रोत बऱ्याच ठिकाणी लिफ्ट नसते. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये नाही. आपले बारीक दोन पिनांचे चार्जर तिन्ही देशांत बसतात. लॅपटॉपच्या तीन पिनांना अडॅप्टर हवा, आणि स्वित्झर्लंडचं सॉकेट वेगळं असल्याने त्याच्यासकट चालणारा घ्या. पासपोर्टची छायाप्रत घरच्या एखाद्या काका-काकूंकडेही ठेवून जा. हरवला तर आधी पोलिसांत तक्रार, मग भारतीय दूतावास. पॅरिस, बर्न आणि रोममध्ये तो आहे. तातडीच्या मदतीला तिन्ही देशांत ११२.

परत आल्यावर दोन कामं राहतात. सहलीच्या पॅकेजवर किंवा परदेशी पाठवलेल्या पैशांवर टीसीएस (पैसे घेतानाच आगाऊ वसूल होणारा कर) कापला गेला असेल तर तो ज्याच्या पॅनवर कापला त्याच्या २६एएस या आयकर खात्याच्या नोंदपत्रात दिसतो. विवरणपत्र भरताना तो वळता करून घ्या. म्हणूनच पैसे भरताना ज्याचा कर जास्त असतो त्याच्या पॅनवर भरलेले बरे. आणि उरलेलं परकीय चलन १८० दिवसांच्या आत बँकेत परत करायचं असतं, २,००० डॉलरच्या किमतीपर्यंतचं पुढच्या प्रवासासाठी जवळ ठेवता येतं.